शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत

मी घर सोडले त्या सकाळी माझे वडील दगडी पाटा डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आले होते. हे वाक्य मी मुद्दाम सर्वांत आधी लिहितो. माझा धाकटा भाऊ वसंत गेली कित्येक वर्षे लग्नात, बारशात आणि आता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरही असेच सांगत आला आहे, की नाना, म्हणजे मी, वडिलांशी भांडून घराबाहेर पडला. भांडून निघालेल्या मुलाच्या संसाराचा पाटा कोणता बाप डोक्यावर वाहून नेईल? वरवंटा माझ्या पत्नीच्या, सुमतीच्या, पिशवीत होता. देवगडच्या खाडीकाठापासून वर रस्त्यापर्यंतची ती चढण वडील थांबत थांबत चढले, आणि मी मागितला तरी त्यांनी पाटा माझ्याकडे दिला नाही. गाडी आल्यावर त्यांनी तो स्वतः आमच्या सीटखाली सरकवला आणि कंडक्टराला बजावले, "ह्येका पाय लावू नको हां." वसंत त्या वेळी घरी अंथरुणात होता. झोपलेल्या माणसाने साक्ष देऊ नये.

वडील नाराज होते, हे मी नाकारत नाही. वसईला मावसभावाने जागा पाहून ठेवली आहे, तिथे खानावळ घालणार, असे मी सांगितले तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "लोकांका जेवण इकतलस तू?" एवढेच म्हणाले. आमच्याकडे आल्यागेल्याला वाढायची रीत होती. वाढलेल्याचे पैसे घेणे त्यांच्या घशाखाली उतरले नाही. परंतु नाराजी वेगळी आणि भांडण वेगळे, हा फरक वसंताला वयाच्या सत्तरीतही कळू नये, ह्याचे मला वाईट वाटते.

हे सारे आता लिहिण्याला कारण माझा पुतण्या निखिल. तो टोरांटोला असतो. ह्या गणपतीत सगळे गावी जमणार आहेत, म्हणून त्याने गटावर एक प्रश्न टाकला: नानांच्या खानावळीत जेवायला इतके छान का वाटायचे? उत्तरांची झुंबड उडाली. त्यांतले एकही बरोबर नाही. जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या दोघांनीही माझे म्हणणे एकदा शांतपणे वाचावे.

वसंत लिहितो की चव त्याने गावाहून पाठवलेल्या तिरफळांची होती. तिरफळे त्याने पाठवली हे खरे. त्यांना वाटेत बुरशी आली होती, हे त्याचा मान राखण्यासाठी मी आजवर बोललो नव्हतो. आमचे जेवण चांगले होते, अलौकिक नव्हते. कधी आमटी खारट होई, कधी भात चिकट. वसईच्या पाचूबंदरला मासळीच्या लिलावापाशी फिलोमिना नावाची कोळीण मला बोंबील आणि मांदेली देत असे. ती तर आमच्या आमटीची खोड चारचौघांत ओरडून सांगे. मी मासळी पारखायला वाकलो की ती पाटीवर हात ठेवून म्हणे, "शेट, किती येल बगता? मासलीला सून करून नेताय काय घरी?" आणि भाव पाडून मागितला तर, "वैनीच्या आमटीतलं मीठ कमी करा, तितकंच वाचंल तुमचं!" अशा साक्षीपुढे वसंताची तिरफळे टिकत नाहीत.

निखिल स्वतः लिहितो, "घरच्यासारखं वाटायचं." मला सर्वांत अमान्य असलेले उत्तर हेच. बाबा रे, घरी जेवताना माणसाला काय काय ऐकावे लागते! मुलाचे गुण, नळाच्या पाण्याची वेळ, सासुरवाडीचे रुसवे, भाजी का टाकली, दुसऱ्यांदा का घेतली नाही. घासागणिक एक प्रश्न. माणूस पैसे मोजून बाहेर जेवतो तो घरापासून थोडी सुटका म्हणून, नाहीतर घर फार लांब आहे हे घटकाभर विसरावे म्हणून. ह्या दोघांना तुम्ही 'घरच्यासारखे' दिलेत, तर पहिला वैतागेल आणि दुसरा रडेल.

उपाहारगृहात जेवणे सुखाचे कशाने होते, ह्याविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे. मी आयुष्यभर लोकांना जेवताना पाहिले आहे. टेबल डुगडुगता कामा नये. पाणी मागावे लागू नये. मोरीचा वास जेवणाच्या वासाआधी येऊ नये. एकट्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवू नये, त्याला शिक्षा भोगल्यासारखे वाटते. आणि दारासमोरही बसवू नये, कारण मग आत शिरणारा प्रत्येक जण आधी त्याच्या ताटात डोकावतो. तोंडात घास असताना त्याला काही विचारू नये. परंतु हे सारे दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही, की आपण केव्हा उठतो ह्याची कोणी वाट पाहत आहे, अशी शंकासुद्धा जेवणाऱ्याला येता कामा नये. ज्या जागी ही शंका येत नाही, तिथे साधा आमटीभातही अंगी लागतो. ज्या जागी ती येते, तिथे छताला झुंबरे टांगून उपयोग नाही.

आमची खानावळ वसईजवळ उमेळ्याला, एका केळीच्या वाडीच्या कडेला होती. पत्र्याचे छप्पर, चार टेबले. तिथे एक कंपाउंडर येत असत, बायकामुले रत्नागिरीकडे. ते इतके सावकाश जेवत, की आधी भात चारी बाजूंनी सारखा करीत, मग मधोमध खळगा करीत, मग त्यात आमटी आपोआप पसरण्याची वाट पाहत. बाहेर आंब्याखाली माणसे ताटकळत. मावसभाऊ माझ्या कानाशी येई, "नाना, तुझ्या त्या महाराजांपुढे बडीशेप ठेव, म्हणजे समजेल त्यांना." मी बडीशेप बाहेरच्यांना नेऊन देई, आणि वर कोकमाचे सरबत. कंपाउंडर जेवून उठले की पुढच्यांना आत घेई. असे केल्याने धंदा बुडेल, हे मावसभावाचे मत. धंदा बुडाला नाही. तो संपला तो वाडीच्या मालकांनी जागा इमारतीसाठी दिली तेव्हा, आणि त्यात कोणाचाही दोष नव्हता.

ह्या सर्व काळात सुमती शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत जेवत नसे. गटावर कोणी तरी लिहिले आहे, की नानांनी वहिनींना राबवले आणि उपाशी ठेवले. ज्याने लिहिले त्याने माझ्यासमोर येऊन बोलावे. मी तिला सांगून पाहिले, रागावून पाहिले, एकदा ताट वाढून तिच्यासमोर धरले. ती हसली आणि म्हणाली, "उष्ट्या तोंडान कसां वाढू?" माझ्या आईचीही रीत तीच होती, तिच्या आईचीही. शेवटचा माणूस हात धुऊन रस्त्याला लागला की सुमती स्वयंपाकाच्या जागेचे दार ओढून घेई, चुलीशी पाटावर बसे आणि पातेल्यात उरलेले वाढून घेई. कोणी पाहत असले की तिला घास उतरत नसे. संसार आमचा इतका जुना, पण तिला पोटभर जेवताना मी पाहिलेले नाही.

आता आम्ही विरारजवळ बोळिंजला, मुलाच्या, मिलिंदच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाकघरात चिमणी आहे, फोडणीचा वास शेजाऱ्यालाच काय, आम्हालाही लागत नाही. सुमतीची स्मृती अलीकडच्या टोकाकडून पुसली जात आहे. मिलिंदचे लग्न गेले, फ्लॅट गेला, मुंबईची शुद्ध म्हणवली जाणारी मराठीही गेली; उरली ती मालवणी आणि उमेळ्याची खानावळ. सून श्रुती घरून काम करते. सुमती तिला खानावळीत भाजी चिरायला येणारी मुलगी समजते. आणि काही महिन्यांपासून सुमती जेवत नाही. ताट पुढे ठेवले की दोन बोटांनी सरकवते. "अजून माणसां जेवची आसत," म्हणते.

ह्यावरही प्रत्येकाचे स्वतंत्र मत आहे. श्रुतीला वाटते, कवळी टोचते. मिलिंदला वाटते, आईला तेच तेच खाऊन कंटाळा आला. निखिलने कुठला तरी इंग्रजी लेख पाठवला. वसंत म्हणतो, "वहिनीक गावाक हाडा, वारा लागलो की जेवतली." कोणाही शहाण्याला ती स्वच्छ शब्दांत काय सांगते आहे ते ऐकू येत नाही. माणसे जेवायची आहेत. ती जेवून उठली की सुमती जेवेल. इतकी सरळ गोष्ट. मी तिला सांगितले, "सगळे जेवले." तिने ओट्याकडे पाहिले आणि विचारले, "मगे ताटां खय?" मी ताटे खरकटी करून मोरीत ठेवली. तिने ती घासली, पुसली, मांडली, आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली. कोणी आले नाही, कोणी उठून गेले नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. माणूस काय काय विसरतो, आणि काय विसरत नाही! डॉक्टर म्हणाले, वजन फार उतरले आहे. काही दिवस पाहू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. श्रुतीने चमच्याने भरवायचा प्रयत्न केला, तर सुमतीने ओठ असे घट्ट मिटले, की चमचा दातांवर वाजला.

मिलिंदने मग आम्हाला उमेळ्याला नेले. आमच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर आता एक रेस्टॉरंट आहे. "आईला जागा ओळखीची वाटेल," तो म्हणाला. काय ओळखीचे वाटणार? झोपाळ्यावर बसायची सोय, प्लास्टिकच्या केळी, भिंतीवर निळ्या दिव्यांची अक्षरे चमकणारी, आणि आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला हातवारे करावेत. दारात एक मुलगा यंत्रावर नावे घेत होता. "अंकल, वेटिंग आहे, नाव सांगून ठेवा."

"मी इथे वेटिंग करणाऱ्यांना सरबत पाजत असे," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज, इथे नको," मिलिंद पुटपुटला.

आत बसलो. सुरमई आली, वाईट नव्हती, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. पहिला घास तोंडात, तोच वाढपी वाकला, "एव्हरीथिंग ओके, सर?" मी बोट वर करून त्याला थांबवले आणि सावकाश चावून संपवले. तेवढ्यात सुमतीची नजर काचेपलीकडे गेली. बाहेर माणसे उभी होती, लहान मुले कडेवर, सगळ्यांचे डोळे आमच्या टेबलांकडे. ती उठली. "तेंका बसाक जागा नाय," म्हणाली आणि आपले ताट उचलून शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे एक तरुण जोडपे जेवत होते. सुमतीने त्यांच्या टेबलावरचा चमचा घेतला आणि त्या मुलीला भात वाढला. "खा गो. घाय नको करू," तिने सांगितले. ती मुलगी मोठी गुणी. तिने तो भात मुकाट्याने खाल्ला आणि सुमतीचा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्ही पण बसा ना इथे." सुमती बसली नाही. ती पुढच्या टेबलाकडे निघाली. कोणी तरी फोन उंच धरला. मी त्याच्या अंगावर ओरडलो, तेव्हा ते निळे दिवे सोडून बाकी सर्व थबकले.

व्यवस्थापक आला. सभ्य होता. "सर, आजींना घरीच जेवू घालत चला. त्यांनाच त्रास होतो."

ह्या वाक्याला माझ्याजवळ उत्तरे होती. ही जागा कोणाची होती, इथे कोण कोणाला जेवू घालत असे, आणि माणूस जेवताना त्याच्या ताटाकडे काचेतून रांग पाहत राहील अशी रचना कोणत्या शहाण्याने केली, हे मी त्याला व्यवस्थित सांगू शकलो असतो. मी सुमतीचा हात धरला आणि बाहेर आलो. ती उपाशीच घरी परतली.

मार्ग सापडला तो अगदी अकल्पितपणे. फिलोमिनाचा मुलगा आता विरारला राहतो. त्याच्याकडे आली असताना पत्ता विचारत विचारत ती आमच्या दारात उभी राहिली. थकली आहे, आवाज मात्र तोच. सुमतीने तिला पाहताच ताट घेतले. "बस गो. उशीर केलंस." फिलोमिनाला आमचे काही ठाऊक नव्हते. ती बसली आणि जेवली. "वैनी, आज मीठ बराबर पडलंय! शेटनी केलं काय जेवन?" सुमती खुदकन हसली. मागच्या कित्येक दिवसांत मी ते ऐकले नव्हते. फिलोमिनाने हात धुतले, दोन तांबे पानी प्याली, तिच्याच भाषेत सांगायचे तर, आणि लिफ्टने खाली गेली. आम्ही तिला पोचवून वर आलो, तर स्वयंपाकघराचे दार लोटलेले. बऱ्याच वेळाने सुमती पदराने तोंड पुसत बाहेर आली. श्रुतीने आत जाऊन पातेले पाहिले आणि तिथेच ओट्याला धरून रडू लागली.

फिलोमिना पाचूबंदरहून रोज कशी येणार? शेजारच्या एका भल्या गृहस्थांना बोलावले; ते जेवून सोफ्यावर गप्पा मारत बसले, आणि ते बसले म्हणून सुमतीही थांबली. माणूस जेवला पाहिजे आणि जेवून निघून गेला पाहिजे. दिवसभर घरात मोकळा असणारा, जेवणारा आणि बाहेर जाऊ शकणारा असा माणूस एकच होता. मी.

पहिल्या दिवशी मी जेवून आमच्या खोलीत जाऊन बसलो. तिने दारातून डोकावून पाहिले आणि ताट झाकून ठेवले. तेव्हापासून मी दुपारी सदरा घालतो, चपला घालून बाहेर जातो आणि आमच्याच दाराची घंटा वाजवतो. श्रुती दार उघडून आपल्या कामाच्या खोलीत जाते. सुमती म्हणते, "येवा, बसा." सकाळी चहा घेताना ती मला 'अहो' म्हणालेली असते, दुपारी त्या दारातून आत आलेला माणूस तिला नुसते गिऱ्हाईक असतो. मी बसतो. ती वाढते. मी जेवतो आणि जातो. कधी ती त्यानंतर जेवते. कधी "अजून येतले" म्हणून वाट पाहते, आणि माझ्यानंतर कोणीच येत नाही. डॉक्टरांनी नळीचा विषय सोडलेला नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांना पोटभर जेववले, ह्याचा मला अभिमान आहे. एका ओळखीच्या माणसाला मी जेववू शकत नाही.

काल मी भात कालवत होतो. सुमती समोर उभी होती, हात पदरात गुंडाळून. माझ्याकडे तिने बराच वेळ पाहिले.

"पावण्यानू, रोज एकटेच येतास. घराक कोण नाय काय तुमच्या?"

कोणाच्याही म्हणण्याला मी आजवर तत्काळ उत्तर दिले आहे. काल मला पाणी प्यावे लागले.

"आसा," मी म्हणालो. "पण मी जेवल्याबिगर ती जेवणा नाय."

तिच्या कपाळाला आठी पडली. एवढी रागावलेली मी तिला क्वचितच पाहिली असेल. "मगे हय कित्याक बसून रवलास? उठा. बेगीन घराक जावा. ती उपाशी आसतली."

मी उठलो. हात धुतला न धुतला, तोच तिने माझ्यामागे दार लावून घेतले.

निखिल, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी वर दिले आहे. ते गणपतीत सर्वांना वाचून दाखव. मी येणार नाही. दुपारी इथून हलता येत नाही. वसंत जमलेल्यांना सांगेल, की नाना अजून रुसून बसला आहे. त्याला सांगू दे. त्याने विचारले आहे, नाना, घराक कधी येतलस? गावच्या त्या घराला मी आयुष्यभर घर म्हणत आलो, वसईत कोणी त्याला नावे ठेवली तर भांडत आलो. आता घर म्हटले की मला बोळिंजच्या फ्लॅटचे बंद दार दिसते, आणि बाहेरच्या बाजूने मी. मी आत असलो तर आत कोणी जेवत नाही. दाराला कान लावून उभे राहणे माझ्या वयाला शोभत नाही. मी उभा राहतो. शेजारी येता-जाता विचारतात, "काका, किल्ली विसरलात का?" मी हो म्हणतो.

काल आतून पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला होता. हा शेवटचा मजकूर मी आज जिन्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. तो आवाज अजून आलेला नाही.